सोळा गिटारी आणि हरवलेला बास

खर्जातला | रविवार, रात्री ११:४०

मंडळी, धागा लांबणार आहे आणि शेवटी मदत मागणार आहे, तेव्हा चहा घेऊनच बसा.

आमचा बँड म्हणजे चाळिशी ओलांडलेले चार बाप्ये. कॉलेजात फिरोदिया करंडक स्पर्धेच्या तालमींना जमलो होतो, नंतर नोकऱ्या, लग्नं, हप्ते यात वाद्यं माळ्यावर गेली. लॉकडाऊन उठल्यावर ड्रमवाल्याच्या गच्चीवरच्या खोलीत दर रविवारी परत वाजवायला लागलो. रॉकच, पण मराठीत. तीन गाणी स्वतःची झाली. म्हटलं, पन्नाशीच्या आत एकदा नीट रेकॉर्ड करून टाकू. मी बास गिटार वाजवतो, म्हणजे फोटोत कडेला उभा असतो तो.

कोथरूडात एका इमारतीच्या तळघरातला स्टुडिओ घेतला, तासावर भाडं. पहिल्या दिवशी फक्त ड्रम आणि बास. बाकी दोघं काचेपलीकडे बसून नुसतं दिशा दाखवण्यापुरतं वाजवत-गात होते, ते नंतर पुसायचं म्हणून. सगळ्यांच्या कानात लय धरायला क्लिकची टिकटिक. तो दिवस झकास गेला. संध्याकाळी वडापाव खाताना आम्ही स्वतःला फारच मोठे समजत होतो.

मग सुरू झालं ओव्हरडबिंग. आधी वाजलेलं कानात घ्यायचं आणि त्यावर नवीन वाजवायचं. गिटारवाल्याने मूळ ठेका वाजवला. मग तोच परत वाजवला, एक डावीकडे एक उजवीकडे ठेवायला. इथवर ठीक. मग म्हणाला, दुसऱ्या ॲम्प्लिफायरवर एक घेऊ, जाड वाटेल. मग दुसरी गिटार. मग ध्रुवपदाला वेगळी जोडी. प्रत्येक वेळी स्टुडिओतला दादा मान हलवून 'घे की' म्हणत होता. तासाचं भाडं चालू असताना तो कशाला नाही म्हणेल? तिसऱ्या दिवशी रात्री मोजल्या तर एका गाण्यात सोळा गिटारी.

गाण्याची तऱ्हा निराळी. एकेक ओळ, कधी एकेक शब्द. 'पाऊस' हा शब्द आमच्या गायकाने अकरा वेळा गायला आणि त्यातला 'पा' एका टेकचा, 'ऊस' दुसऱ्या टेकचा असा जोडला गेला. बाहेर येऊन तो म्हणाला, "मी हे गाणं इथे एकदाही सलग गायलेलो नाही."

परवा मिक्स, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र केलेलं गाणं, हातात आला. पिठलं झालंय नुसतं. सगळं ऐकू येतं आणि काहीच ऐकू येत नाही. बास तर गायबच. मग सहज गच्चीवरच्या तालमीचं मोबाईलवर केलेलं रेकॉर्डिंग लावलं. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "हे चांगलंय. यात तुम्ही चौघं आहात तरी."

तर प्रश्न दोन. एक, माझा बास गेला कुठे? दोन, असं तुकड्यातुकड्याने गाणं बांधणं मुळातच चुकतंय का?

गवती चहा | रविवार, रात्री ११:५८

सोळा? गाणं आहे की वरात?
(वाचतेय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.)

ठेकेदार | सोमवार, सकाळी ७:१५

दुसऱ्या प्रश्नावर लोक तुटून पडतीलच, मी पहिला घेतो. बास कसा घेतला होता? थेट वायरने, की ॲम्पसमोर माइक लावून? दोन्ही असेल तर माइक ॲम्पपासून किती लांब होता? आणि मिक्समध्ये दोन्ही ट्रॅक वापरलेत का?

खर्जातला | सोमवार, सकाळी ९:०२

दोन्ही. वायरने थेट एक ट्रॅक आणि माइकचा एक. माइक हातभर लांब, म्हणजे दोन-सव्वादोन फूट. मिक्समध्ये दोन्ही सारख्याच पातळीवर आहेत असं दादा म्हणाला.

ठेकेदार | सोमवार, दुपारी १:३०

सापडला चोर. निदान एक तरी.

वायरमधला आवाज लगेच पोचतो. माइकवाला हवेतून चालत येतो. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर, म्हणजे ७० सेंटिमीटरला दोन मिलिसेकंद. ऐकायला हे काहीच नाही. पण एकच सूर दोन मिलिसेकंदांच्या फरकाने स्वतःवरच येऊन पडला की काही कंपनं एकमेकांना खोडतात. तुझ्या अंतराला पहिला मोठा खड्डा पडतो २५० हर्ट्झच्या आसपास. बासच्या जाड तारेचा मोकळा सूर ४१ हर्ट्झचा. तो शाबूत राहतो, म्हणून मीटर हलताना दिसतो. पण बोट तारेवर आपटल्याचा, सूर 'बोलल्याचा' भाग नेमका त्या खड्ड्यात जातो. गुरगुर राहते, उच्चार जातो.

उपाय फुकट आहे. माइकचा ट्रॅक दोन मिलिसेकंद अलीकडे ओढायचा, ४८ किलोहर्ट्झवर रेकॉर्ड केलं असेल तर ९६ सॅम्पल (डिजिटल आवाजाचे सगळ्यात बारीक तुकडे). डोळ्यांनी जुळवून झाल्यावर कानांनी खात्री करायची. नाहीतर सरळ माइकवाला ट्रॅक बंद करून बघ.

दुसरा चोर गिटारी. गिटारची जाड तार ८२ हर्ट्झ, तुझ्या बासच्या बरोबर एक सप्तक वर. म्हणजे तुझा मधला सगळा प्रदेश आणि गिटारचा खालचा प्रदेश एकच. एका गिटारचा तिथला घुमारा गोड लागतो. सोळांचा घुमारा एकत्र झाला की तो मांडव होतो आणि तू मांडवाखाली. एकटं ऐकताना गिटार पातळ वाटेल इतका खालचा भाग छाटायचा, १०० हर्ट्झपासून सुरुवात करायची. गिटारवाला रडेल. रडू दे.

मोबाईलच्या रेकॉर्डिंगचं म्हणशील तर त्यात जादू नाही. एकच माइक, एकच खोली, सगळे आवाज एकाच हवेतून आलेले. शिवाय फोन आपोआप मोठं लहान करतो आणि लहान मोठं करतो, त्यामुळे सगळं एकमेकांना चिकटतं. आणि गच्चीवर तुम्ही एकमेकांना ऐकत वाजवत होतात. बास ऐकू येईना झाला की गिटारवाला आपोआप हात आवरत असणार. स्टुडिओत त्याला आवरायला समोर कोणी नव्हतं.

अंतू पेटीवाले | सोमवार, संध्याकाळी ६:४५

खर्जातला, तुमच्या गायकाचं वाक्य वाचून पोटात कालवलं हो.

मी व्हायोलिनवाला. ऐन तारुण्यात काही वर्षं मुंबईला सिनेमाच्या रेकॉर्डिंगला मागच्या रांगेत बसलो आहे. ताडदेवच्या फिल्म सेंटरला तीस-चाळीस वादक एका हॉलमध्ये, गायक काचेच्या खोलीत आणि सगळं एकदमच. सनईवाल्याचा श्वास चुकला की आपणही पहिल्यापासून. शेवटच्या ओळीला खोकला आवरताना डोळ्यांतून पाणी आलेलं आठवतं. त्या धाकाने एक होतं, प्रत्येक जण दुसऱ्याचं ऐकायचा.

आणि मिक्सिंग म्हणाल तर ते वाजवण्याआधीच झालेलं असायचं. कोण माइकपासून किती लांब बसणार हेच मिक्सिंग. 'महल'मधल्या त्या गाजलेल्या गाण्याची गोष्ट लताबाई सांगत. आवाज लांबून जवळ यायला हवा होता, म्हणून माइक खोलीच्या मध्ये ठेवला आणि त्या कोपऱ्यातून गात गात माइककडे चालत आल्या. १९४९ सालचं चित्र. आता जे काम बोटाने करतात ते तेव्हा पायांनी केलं.

(नावावर जाऊ नका. पेटी वडील वाजवायचे.)

चिंचपोकळी स्लो | सोमवार, संध्याकाळी ७:२०

काका, दंडवत. आवरलेल्या खोकल्यावर एक स्वतंत्र धागा येऊ द्या.

सोळा तारा | सोमवार, रात्री १०:०५

नमस्कार. इथे नवीन सदस्य आहे. मीच तो गिटारवाला.

लिंक बायकोने पाठवली. खर्जातला, तू हे मला रविवारी तालमीला तोंडावर सांगू शकला असतास. असो.

'वरात' म्हणणाऱ्यांनी जरा इतिहास बघावा. क्वीन या इंग्लिश बँडचं १९७५चं 'बोहेमियन ऱ्हाप्सडी' घ्या. मधल्या ऑपेरासारख्या भागातला तो समूह म्हणजे फक्त तीन माणसं, मर्क्युरी, मे आणि टेलर, पुन्हा पुन्हा स्वतःवरच गाऊन चढवलेली. २४ ट्रॅकही पुरेनात, म्हणून भरलेले ट्रॅक एकत्र करून जागा काढायची आणि परत भरायची. टेप यंत्रातून इतक्या वेळा फिरली की तिच्यावरचा थर झिजून आरपार उजेड दिसायला लागला, असं त्यांनीच सांगितलंय. तिथे कोणी म्हणालं नाही की बाबांनो, तीन जण आहात तर तिघांसारखे वाजा. रेकॉर्ड ही गच्चीवरची मैफल नसते. ती वेगळी वस्तू आहे. अमेरिकन गिटारवादक लेस पॉलने १९४८ साली निघालेल्या एका रेकॉर्डसाठी एकट्याने आठ गिटारी एकावर एक चढवल्या होत्या, त्याही टेपवर नाही, तबकड्यांवर. एक तबकडी वाजवायची, तिच्यासोबत वाजवून दुसरी कापायची. चुकलं की नवी तबकडी. मला निदान 'अनडू' होतं.

गवती चहा | सोमवार, रात्री १०:११

आता खरी मजा. मी इथेच बसले आहे.

खर्जातला | सोमवार, रात्री १०:३०

अरे बाबा, नाव तरी कुठे घेतलंय तुझं. तोंडावर सांगितलं होतं, तेव्हा तू हेडफोन घालून बसला होतास.

आणि बासवाल्यांचं दुःख तुला काय कळणार? मेटॅलिका या अमेरिकन बँडच्या १९८८च्या अल्बममध्ये त्यांच्या बासवाल्याचा, जेसन न्यूस्टेडचा, बास जवळजवळ ऐकूच येत नाही, आणि मिक्स करणाऱ्यांनीच नंतर सांगितलं की तो खाली घ्यायला बँडनेच लावला. ती आमच्या जमातीची भळभळती जखम आहे.

ब्रिस्टलहून | मंगळवार, पहाटे ३:५०

(इकडे अजून सोमवारच आहे.)

सोळा तारा, तुमची बाजू घ्यायला आलो होतो, पण अर्धीच घेतो.

इथून सेव्हर्न नदी ओलांडली की वेल्स, आणि तासाभरात मॉनमथ. त्या गावाबाहेरचं रॉकफिल्ड म्हणजे शेतघरात थाटलेला स्टुडिओ. ऑगस्ट १९७५मध्ये त्या गाण्याचं रेकॉर्डिंग तिथे सुरू झालं आणि मग ते लंडनच्या आणखी काही स्टुडिओंमधून फिरलं. ऑपेराच्या तेवढ्या भागाला तीनेक आठवडे लागले असं सांगतात. चढवलेल्या थरांचा आकडा १८० सांगितला जातो.

आता तुमच्या विरुद्ध. ते थर एकाच गोष्टीचे नव्हते. तिघांपैकी टेलरचा आवाज वर टिपेला जायचा, मे खालचा धरायचा, मर्क्युरी मधला. आधी एक ओळ तिघं मिळून गाणार, मग दुसऱ्या सुरावरची ओळ तिघं मिळून, असं करत तो जमाव उभा राहिला. मेच्या गिटारींचंही तेच. वडिलांबरोबर घरी बनवलेली ती गिटार, जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडाची मान, वाजवायला सहा पेन्सचं नाणं. तो तीच गिटार अनेकदा वाजवतो, पण प्रत्येक वेळी दुसरी ओळ, जशी सनई-चौघड्यात प्रत्येकाची जागा वेगळी. तुमच्या सोळांमध्ये किती वेगवेगळ्या ओळी आहेत? खर्जातला म्हणतात त्यावरून तोच ठेका सोळा वेळा दिसतोय. तो समूह नाही, तो एकाच माणसाचा सोळा वेळा केलेला आग्रह आहे.

सोळा तारा | मंगळवार, सकाळी ८:४०

वेगळ्या ओळी तीन. मान्य.
बाकीच्या 'जाडी'साठी.

ठेकेदार | मंगळवार, सकाळी ९:१०

जाडी दोनाने येते. चाराने शंका येते. त्यापुढे प्रत्येक आघात इतका पसरतो की धार जाते. दहा जणांनी एकाच वेळी टाळी वाजवायचा प्रयत्न करून बघ, टाळी ऐकू येत नाही, पाऊस ऐकू येतो.

चिंचपोकळी स्लो | मंगळवार, सकाळी ९:१४

मग निदान 'पाऊस' शब्दाला तरी वापरा त्या.

फोर्टची पायरी | मंगळवार, रात्री ९:२५

उशिरा आलो, पण खर्जातलांच्या दुसऱ्या प्रश्नावर एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. गोष्ट आपल्या मुंबईची आहे, आणि ज्या रस्त्यावर ती घडली तिथे मी अठ्ठावीस वर्षं नोकरीला येजा केली.

फोर्टात सर फिरोजशहा मेहता रोडवर युनिव्हर्सल इन्शुरन्सची इमारत आहे. एचएमव्हीचा स्टुडिओ तिथे होता. जानेवारी १९६८च्या दुसऱ्या आठवड्यात बीटल्सचा गिटारवादक जॉर्ज हॅरिसन तिथे आला. निमित्त 'वंडरवॉल' नावाच्या चित्रपटाचं पार्श्वसंगीत. ज्या माणसाच्या बँडने आदल्याच वर्षी लंडनला महिनोन् महिने खर्चून 'सार्जंट पेपर' हा अल्बम केला होता, तो इथे आला तर मुंबईत फक्त मोनो, म्हणजे एकाच ट्रॅकचं यंत्र. त्याने पुढे एका मुलाखतीत सांगितलंय की कंपनीच्या भास्कर मेनन यांनी दोन ट्रॅकचं स्टिरिओ यंत्र कलकत्त्याहून आगगाडीने आणवलं. स्टुडिओ ऑफिसांच्या वर. खालचा रस्ता तुम्हाला माहीत आहे. नीट ऐकलं तर काही तुकड्यांत टॅक्सी जाताना ऐकू येतात, हेही त्यानेच सांगितलेलं.

आणि वादक कोण, तर शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया, सरोदला आशिष खाँ, तालवाद्यांना महापुरुष मिश्र, तारशहनाईला विनायक व्होरा, आणि हार्मोनियमपासून तबला तरंगापर्यंत काहीही वाजवणारे रिजराम देसाद. दोन ट्रॅकवर नंतर चढवायला जागाच नाही. म्हणजे अंतूकाका म्हणतात तसं, कोण कुठे बसणार हे ठरलं की मिक्स ठरला. सगळे एकदम, समोरासमोर.

चित्रपटाचं काम उरकल्यावर हाताशी वेळ होता, म्हणून त्याच मंडळींना घेऊन त्याने आणखी एका गाण्याचं नुसतं वाद्यसंगीत रेकॉर्ड केलं, शब्द न गाता. सरोद, बासरी, पखवाज, हार्मोनियम, सनई. हे 'दि इनर लाइट'. ती टेप घेऊन तो लंडनला गेला. ६ फेब्रुवारीला ॲबी रोड स्टुडिओत मुंबईचे ते दोन ट्रॅक चार ट्रॅकच्या टेपवर उतरवले, आणि उरलेल्या जागेत त्याने गाणं चढवलं. म्हणजे साथ फोर्टात, गाणं लंडनला, मध्ये जवळपास चार आठवडे. आपल्याकडे हे उलटंच वाटतं. गायक नाहीच, साथीदारांनी समेवर येऊन ठेवलेलं, आणि गवई मागून येऊन त्या समेत स्वतःला बसवणार.

हॅरिसन गायला घाबरत होता. सूर टेपवर पक्का झालेला, आणि आपल्या आवाजाला हे झेपेल का अशी शंका. पॉल मॅकार्टनीने धीर दिला, गाऊन तर बघ. दोन दिवसांनी पॉल आणि जॉन लेननने शेवटच्या ओळीला आवाज जोडले, मिक्स झाला, संपलं. पुढच्या आठवड्यात हॅरिसन निघालाच ऋषिकेशला. १५ मार्चला 'लेडी मॅडोना'च्या मागच्या बाजूला ते गाणं आलं. बीटल्सच्या सिंगलवर हॅरिसनचं गाणं येण्याची ती पहिलीच वेळ, आणि त्यात दुसऱ्या कोणा बीटलचं वाद्य नाही.

म्हणून खर्जातला, तुकड्यांनी बांधणं चूक नाही. तुमच्या बायकोने म्हटलेलं 'तुम्ही चौघं आहात' ते त्या गाण्यातही आहे, कारण मुंबईचा तुकडा एकत्र वाजलेला आहे. त्यावर काय चढवायचं त्याला दोनच ट्रॅकची जागा होती. जे चढवायचं ते आधी ठरवूनच चढवावं लागलं.

ब्रिस्टलहून | मंगळवार, रात्री ११:३०

फोर्टची पायरी, टोपी काढली. एवढं ऐकूनही ते गाणं मी कधी फिरोजशहा मेहता रोडशी जोडलं नव्हतं.

पुरवणी. तेव्हा बीटल्स चार ट्रॅकवरच होते, ऑक्टोबर १९६३पासून. त्याआधी पहिला अल्बम तर दोन ट्रॅकवर, ११ फेब्रुवारी १९६३च्या एका दिवसात दहा गाणी, लेननला सर्दी असताना. चार ट्रॅक भरले की ते दुसऱ्या यंत्रावर एक-दोन ट्रॅकमध्ये ओतायचे आणि मोकळ्या झालेल्या जागेत पुढचं. ओतलं की संपलं. ड्रम जास्त झाला म्हणून चार दिवसांनी कमी करता येत नाही, कारण तो आता इतरांबरोबर एकाच ट्रॅकमध्ये शिजलेला. शिवाय प्रत्येक ओतण्यात टेपची सळसळ वाढणार. फेब्रुवारी १९६७मध्ये चाळीस वादकांचा ताफा एका गाण्यात बसवायला स्टुडिओतल्या केन टाउनसेंड या तंत्रज्ञाने दोन यंत्रं एकमेकांना जुंपली, तीही ५० हर्ट्झचा एक सूर टेपवर नोंदवून. आठ ट्रॅक त्यांना मिळाले ते जुलै १९६८च्या शेवटी, तेही ॲबी रोडवर नाही, ट्रायडंट स्टुडिओत.

आणि खर्जातला, तुमच्यासाठी खास. त्या १९६७च्या अल्बममध्ये मॅकार्टनीने बऱ्याच गाण्यांचा बास सगळ्यात शेवटी, रात्री उशिरा, स्वतंत्र ट्रॅकवर चढवला. बाकी गाणं ऐकून, कुठे जागा आहे बघून. तुम्ही सर्वांत आधी वाजवलात आणि नंतर कोण कुठे येऊन बसलं ते तुम्हाला माहीतच नव्हतं.

सोळा तारा | बुधवार, सकाळी ७:५५

ऑफिसला जाताना गाडीत आमचा मिक्स, मग 'दि इनर लाइट', मग परत आमचा असं ऐकलं. काही बोलत नाही. रविवारी भेटू.

अंतू पेटीवाले | बुधवार, सकाळी ११:२०

भांडू नका रे. आणि मिक्स करताना आवाज बारीक ठेवून ऐका. मोठ्या आवाजात सगळंच छान वाटतं, लग्नातल्या जेवणासारखं.

ठेकेदार | बुधवार, दुपारी १२:०५

काकांना +१. बारीक आवाजात आधी ऐकू येईनासा होतो तो बास, त्यामुळे बारीक आवाजातही तो कळला तर समजायचं बसला. एकदा मोनो करूनही ऐक. डावी-उजवीकडे पसरवून लपवलेलं सगळं तिथे उघडं पडतं. आणि दोन मिक्सची तुलना करताना दोन्हींची पातळी सारखी कर, नाहीतर जो मोठा तोच चांगला वाटतो.

गवती चहा | शुक्रवार, रात्री ८:००

धागा वर काढतेय. परवा रविवार आहे, लक्षात आहे ना? इथे लोक ताटकळतायत.

खर्जातला | रविवार, रात्री ११:१५

घ्या वृत्तांत.

सकाळी दहाला तळघरात. दादाला ठेकेदारांचे ९६ सॅम्पल सांगितले. तो माझ्याकडे असा बघत राहिला जणू मी डॉक्टरला औषध सुचवतोय, पण त्याने ट्रॅक ओढला. आणि बास आला. अगदी माझं बोट तारेवरून सरकल्याची घसरण ऐकू आली, जी मला नको होती. ड्रमवाला म्हणाला, "अरेच्चा, तू हे वाजवतोस होय?" पंधरा वर्षं शेजारी उभा आहे माझ्या.

मग गिटारी. गिटारवाल्याने कागद आणला होता. सोळांची यादी, प्रत्येकीपुढे एकेक कारण लिहिलेलं. ज्यांच्यापुढे 'जाडी' लिहिलं होतं त्या त्याने स्वतःच्या हाताने बंद केल्या. पहिली बंद केली तेव्हा काही फरक नाही. चौथी केली तेव्हा ड्रमचा पत्रा पुढे आला. नववी बंद झाली आणि गायकाचे शब्द कळायला लागले, कोणी त्याला हातही लावला नव्हता. उरल्या पाच. पाचवीवर अर्धा तास भांडण झालं. ती राहिली. तिची ओळ खरंच वेगळी आहे. इथे जाहीर कबूल करतो की ती मला आवडते, ध्रुवपद संपताना वरच्या बाजूला उतरत येते ती.

खरा घोळ गाण्याचा. ते अकरा टेकमधून जोडलेलं 'पाऊस' आता इतकं स्पष्ट ऐकू येत होतं की सांधे दिसायला लागले. गायक खुर्चीत मागे टेकून म्हणाला, "हा मी नाही." परत गायचं तर त्याचा घसा बसलेला, आणि वर तासाचं भाडं. दादाला काय वाटलं कोण जाणे, त्याने पहिल्या दिवशीचा पुसायचा राहून गेलेला ट्रॅक काढला. काचेपलीकडे बसून दिशा दाखवण्यापुरतं गायलेला. सलग, एका दमात. दोन ठिकाणी सूर थोडा खाली. एका ठिकाणी शब्द चुकून आदल्या कडव्यातला घेतलाय. आणि दुसऱ्या कडव्याआधी कोणी तरी दार उघडं टाकलं असणार, कारण वरच्या रस्त्यावरून रिक्षाचा भोंगा येतो. दोनदा.

आम्ही चौघं गप्प. चुकलेल्या शब्दापुरता नव्या टेकमधला तुकडा जोडला. सूर तसाच ठेवला. भोंगा काढता येईल असं दादा म्हणाला, तिथे गायक थांबलेलाच आहे, सहज कापता येईल.

तर गिटारवाला म्हणाला, "राहू दे. फोर्टात टॅक्सी चालतात तर कोथरूडात रिक्षा चालेल."

फोर्टची पायरी | सोमवार, सकाळी ६:५०

कुठे ऐकायला मिळेल?

खर्जातला | सोमवार, सकाळी ९:३०

दुसऱ्या गाण्याचं मिक्सिंग पुढच्या रविवारी. तिन्ही झाली की इथेच टाकतो.

सोळा तारा | सोमवार, सकाळी ९:३४

दुसऱ्या गाण्यात गिटारी एकवीस आहेत. आधीच सांगून ठेवतो.